नानांचं कापलेलं इंजिन

आमचे नाना माणसाची ओळख इंजिनाच्या जातीवरून सांगत. प्राचार्य टू-स्ट्रोक: "पळतात झकास, पण धूर फार." शिपाई डिझेल: "ठिणगी लागत नाही. नुसतं दाबत राहा, आपोआप पेटतो." आणि मी, संस्थेचा भांडारपाल? "भाऊ, तुमच्यात तिसरा स्ट्रोकच नाही. ओढता, दाबता, सोडून देता. पेट कुठे आहे?"

धुळ्याजवळच्या एका आयटीआयत नाना इंजिन शिकवायचे. वर्गाच्या मधोमध ओट्यावर त्यांनी स्वतः करवतीनं उभं कापलेलं इंजिन होतं. हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होई, झडपा उघडत-मिटत, पोटातलं सगळं दिसे. नाना हँडल मारत, पोरं ओरडत, "ओढ! दाब! पेट! सोड!" पिस्टन वर आणि दोन्ही झडपा मिटलेल्या, की "पेट!" सगळ्यांत मोठ्यानं.

"कापायला भंगारातलं घ्यायचं ना, नाना," मी एकदा शहाणपणा केला.

"मेलेल्या इंजिनावर शिकलेला मेकॅनिक फक्त मयतीला जातो," नाना खेकसले. "जितं कापलंय मी."

गेल्या वर्षी जडवस्तूंची, म्हणजे डेडस्टॉकची, तपासणी निघाली. रकाना होता: चालू की बंद? मी कर्तव्यदक्ष. इंजिनाला प्रदक्षिणा घातली. टाकी नाही, चालू होत नाही, वर अर्धं कापलेलं! लिहिलं, "बंद. दुरुस्तीपलीकडे." खाली झोकदार सही.

नाना पारोळ्याला पुतणीच्या लग्नाला गेले आणि त्याच दिवशी भंगाराचा ट्रक आला. इंजिन चढवायला मी स्वतः खांदा दिला. हमालांना चहाही पाजला.

सोमवारी नाना रिकाम्या ओट्यासमोर उभे. मी कबुली दिली आणि स्कूटर काढून भंगारवाल्याकडे पळालो. तिथे घणानं केव्हाच तुकडे झाले होते.

परत आलो. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. नाना अहिराणीत बोलले. त्यांच्या तोंडून ती मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मना बापनं इंजिन व्हतं ते, भाऊ. बठ्ठा मळा त्यानावर भिजे."

सगळा मळा भिजवणाऱ्या इंजिनाला मी खांदा दिला होता.

"तोडतांना पिस्टन कोठे व्हता? वर का खाले?"

मी पाहिलं होतं कुठे! "वर," मी ठोकून दिलं.

"झडपा मिटेल व्हत्यात ना?"

"मिटलेल्या होत्या, नाना. दोन्ही."

"मंग बरं शे," म्हणून नाना खडू घेऊन फळ्याकडे वळले. तास संपेपर्यंत ते पाठमोरेच उभे होते, आणि फळा कोरा.