रुईचं पान

बाजारातला पाला घरात आणायचा नाही, असं बिबवेवाडीच्या सर्जेरावांनी गणेश चतुर्थीच्या पहाटे ठरवलं आणि कात्रजच्या डोंगरावरून पत्रीची पिशवी भरून आणली. (चष्मा न लावता. चष्मा म्हणजे म्हातारपण, आणि ते त्यांना अजून मान्य नव्हतं.)

त्याच दिवशी लोणी काळभोरहून तुळजाबाई येणार होत्या, मुलासाठी मुक्ताला बघायला. सर्जेरावांनी लेकीचाही चष्मा काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात घातला.

"चष्मेवाली म्हटलं की लोक नाकं मुरडतात. पूजा होईस्तोवर गप बस."

"बाबा, मला समई पण दिसत नाहीये."

"लांब बस मग."

पूजा सुरू झाली. तुळजाबाई पुढ्यातच बसल्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सर्जेराव म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नुसतं नाव घ्या. पान मी हातानं ओळखतो."

"रुई," श्रीधर गुरुजी म्हणाले.

सर्जेरावांनी पत्रीत हात घातला. जाड, गार, जरा दमट. रुईचं कोवळं पानच! त्यांनी ते बाप्पाच्या पायाशी वाहिलं.

पानानं डोळे उघडले.

"सर्जेराव," गुरुजी शांतपणे म्हणाले, "उंदीर रजेवर आहे का?"

पानानं उडी मारली. सर्जेरावांच्या पत्नी आनंदीबाई किंचाळल्या आणि तुळजाबाईंचा हात थेट पंचामृतात गेला. अंगठ्याएवढं बेडूक, पण खोलीत कुठे म्हणून दिसेना.

"हलू नका!" म्हणत सर्जेरावांनी तुळजाबाईंच्या हिरव्या पदरावर झडप घातली.

"अवो, बुट्टा हाय त्यो! सोडा!"

सोयरीक बुडाली, हे सर्जेरावांना चष्म्याशिवायही दिसलं.

"बाबा, द्या माझा चष्मा!" मुक्तानं त्यांच्या खिशात हात घातला आणि चष्मा सरळ डोळ्यांवर चढवला.

लपवलेलं सगळं बाहेर आलं होतं, बेडूक सोडून.

तुळजाबाईंनी मुक्ताकडे निरखून पाहिलं. मग आपल्या पिशवीतून बाटलीच्या बुडासारखा चष्मा काढला. "आधी सांगायचं की गं! मीबी दारातच काढून पिशवीत टाकला व्हता. म्हटलं, आंधळी सासू बघून पोरगी नको म्हणायची."

आता दोघी मिळून शोधायला लागल्या. बेडूक सापडलं ते सर्जेरावांच्या खांद्यावर. त्यांच्या मातकट उपरण्यावर तेही मातकट होऊन निवांत बसलं होतं.

"झाडावरचं बेडूक हाय, रंग बदलतंय," तुळजाबाई म्हणाल्या. "जुनं खोड दिसलं, बसलं."