धुराचा फोन

मळवलीच्या बंगल्याची राखण करणाऱ्या भिमाजीला छताला चिकटवलेल्या त्या पाच पांढऱ्या डब्या मुळीच पटल्या नव्हत्या. वायर नाही, काही नाही. एकीला धुराचा वास लागला की ती दुसरीला कळवणार, दुसरी तिसरीला, आणि शेवटची थेट पुण्याच्या ऑफिसला. नुसत्या चहाडखोर, असं त्याचं मत होतं.

त्याहून मोठी अडचण म्हणजे, त्या ऑफिसात संध्याकाळच्या पाळीला फोन करायला त्याचाच मुलगा बसायचा, कैलास. लोकांचे बंगले राखणार नाही, असं बापाला ठणकावून तो दिवाळीत घर सोडून गेला होता आणि आता पुण्यात बसून तीनशे बंगले राखत होता. आधी फोन कुणी करायचा यावर बापलेक दोघंही अडून बसले होते. मधल्या मध्ये भिमाजीची बायको बयाबाई पोराच्या आवाजासाठी झुरत होती.

मालक येणार म्हणून एका संध्याकाळी तिनं हॉलमध्ये डासांसाठी गोवरी आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली. डब्या किंचाळल्या. मिनिटभरात भिमाजीचा फोन वाजला. आवाज ओळखताच त्यानं निखारा हातात आल्यासारखा फोन बायकोकडे दिला.

"नमस्कार. आपल्या हॉलमध्ये धूर आढळला आहे. आग लागली आहे का?"

"न्हाई रं. जेवलास का?"

ऑफिसात प्रत्येक कॉल रेकॉर्ड होत होता, तसं फोन उचलताच ऐकवलंही जायचं. "घरातील सर्व व्यक्ती सुरक्षित आहेत का?"

"तुजा बाप खोकतोय. तू कवा येनार?"

"धन्यवाद," म्हणताना कैलासचा आवाज चिरकला. फोन बंद झाल्यावरही बयाबाई तो कानाला लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी डास नव्हते, तरी धुरी झाली. तिसऱ्या दिवशीही झाली. मालक हाकलून देईल म्हणून भिमाजी ओरडला. पण सात वाजत आले की तोच फोन चार्जिंगवरून काढून बायकोजवळ आणून ठेवायला लागला. गोवऱ्या संपत आल्या तशी तिनं धुरी कमी केली. मग नुसत्या उदबत्तीलाही डब्या बोंबलू लागल्या. देवालाच आपली दया आली, असं तिला वाटलं.

चौदा दिवसांत चौदा खोटे अलार्म झाल्यावर कंपनीनं आकाश नावाच्या मेकॅनिकला पाठवलं. त्यानं डब्या उतरवल्या, लॅपटॉप उघडला आणि डोकं खाजवलं.

"मावशी, डब्या चांगल्या आहेत. पण ऑफिसातनं कुणीतरी त्या मुद्दाम नाजूक करून ठेवल्यात, जराशा धुरालाही वाजतील अशा. पहिल्या अलार्मच्या दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळच्या पाळीत."

बयाबाईला सगळं उमगलं. म्हणजे तिकडे पोरगाही आईच्या धुराची वाट बघत होता. तिला हसू आलं, रडू आलं, आणि लगेच त्याच्या नोकरीची धास्ती वाटली. डब्या नीट कर, पण कुणाचं नाव लिहू नकोस, अशी तिनं आकाशची विनवणी केली. त्यानं थोडा विचार करून रिपोर्टात 'डास फार' असं लिहिलं.

त्या संध्याकाळी तिनं धुरी केली नाही. सात वाजले, सव्वासात झाले. दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिली. मग फोन वाजला. नंबर ऑफिसचा नव्हता, कैलासचा स्वतःचा होता. बयाबाईनं हात पुढे केला, पण भिमाजीनं आधीच उचलला होता.

"आबा, आज धूर न्हाई झाला. समदं बरं हाय ना?"

भिमाजीनं आधी खात्री करून घेतली.

"ह्ये रेकॉर्ड व्हतंय का?"

"न्हाई."

"मग घरी ये."