गाणारा मुद्देमाल

कोणत्याही पक्ष्याचं रक्षण करायचं, तर आधी तो आपल्या ताब्यात असावा लागतो. आमची पाहुणे पक्षी बचाव समिती याच तत्त्वावर चालते. अध्यक्ष मी. माझ्याआधी माझी बायको होती. हिची पद्धत फार ढिसाळ. चोरून पक्षी विकणारा जाळेवाला सापडला, की ही आधी पिंजऱ्याचं दार उघडायची आणि मग पंचनामा करायची. त्यामुळे पंचनाम्यात पक्षी कधीच नसायचा. (शाबीत गुन्हे: शून्य. जाळेवाले वैतागलेले: सगळे.)

ही गेली, आणि सभासदांनी सांत्वन म्हणून मला अध्यक्ष केलं. मी शिस्त आणली. पकडलेला पक्षी हा मुद्देमाल; निकाल लागेपर्यंत तो समितीकडेच राहील. समितीला कार्यालय नाही, म्हणून पहिलाच मुद्देमाल आमच्या स्वयंपाकघरात आला, हिच्या खिडकीत. मुठीएवढा जीव, गळ्याशी निळा पट्टा. सकाळी गायला लागला. एकट्याने चहा पिण्यापेक्षा मुद्देमालासमोर प्यावा, असं माझं प्रशासकीय मत झालं.

सुनावणी मी पुढे ढकलत गेलो. (कारणे: अध्यक्षांची कंबर, अध्यक्षांचा खोकला, अध्यक्ष.)

ऊन तापू लागलं. त्याचे सोबती उत्तरेकडे परतायला तळ्यावर जमले. हा गजांवर धडका मारू लागला. मी अहवालात 'मुद्देमाल उत्साही' असं नोंदवलं.

जबाब द्यायला जाळेवाला घरी आला. पिंजरा बघून म्हणाला, "साहेब, माझ्याकडे हा दोनच दिवस होता. तुमच्याकडे कधीपासून?"

"आम्ही रक्षण करतो."

"मग कुलूप कशाला?"

मी त्याला चहा दिला.

"थवा आज-उद्या निघेल," तो म्हणाला. "मागे राहिला तर हा जगायचा नाही. बाई माझं नुकसान करायच्या, पण सोडायच्या."

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. पक्षी आधी हिच्या कपावर बसला. मग गेला.

पुरावा नष्ट केल्याबद्दल समितीने एकमताने माझी निंदा केली. ठराव मीच लिहून दिला. बाकी कुणाचं अक्षर लागत नाही.

स्वयंपाकघर आता शांत आहे. जरा जास्तच. आणि तुम्ही, गल्लीतली मंडळी, हंगामभर या खिडकीखाली थांबून "काय गोड गातो हो" म्हणत होतात. हा अजून इथे कसा, असं एकानेही विचारलं नाही. काल मात्र तिघांनी विचारलं, "काका, नवा कधी आणताय?"