कॅचरचा सत्कार

मधुकररावांना कॅचरच्या जागेवरून काढायचं, यावर शिरीषच्या घरी पाच मिनिटांत एकमत झालं. ते त्यांना सांगायचं कोणी, यावर मात्र दोनदा चहा झाला तरी होईना.

परदेशात, पेनरोजच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या मराठी इंजिनिअरांचा हा सॉफ्टबॉलचा संघ. मधुकररावांचा फटका असा, की चेंडू कुंपणापलीकडे शोधायला जावं लागे. पण कॅचर म्हणून बॅटरच्या मागे उकिडवं बसले, की ऐनवेळी ते अंग चोरत आणि चेंडूला सभ्यपणे वाट करून देत. उद्याची मॅच हरलो तर संघाची खालच्या गटात रवानगी होणार होती.

"पाच रन काढतात आणि सहा देतात," कॅप्टन शिरीष म्हणाला. "दुसरीकडे उभं करावं तर पळायला गुडघे नाहीत."

"मग सत्कार करू," बॉल टाकणारी कांचन म्हणाली. "आपल्याकडे शाल-श्रीफळ मिळालं की माणूस काय ते समजतो आणि घरी बसतो."

शालीऐवजी लोकरीचं ब्लँकेट मिळालं. नारळ कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात सापडला. संध्याकाळी मधुकरराव नीतावहिनींसह आले आणि भाषणं सुरू झाली. एकदा माइकशिवाय का होईना, पण बोलायला मिळालं म्हटल्यावर कोणी हात आखडता घेईना. कांचन तर म्हणाली, "मागे मधुकरराव आहेत म्हणून मी निर्धास्त असते." नीतावहिनींनी डोळे पुसले.

मधुकरराव उत्तराला उभे राहिले. "खरं सांगू? गुडघे गेलेत. आज मी राजीनामाच द्यायला आलो होतो."

शिरीषचा चेहरा उजळला.

"पण तुमचं प्रेम बघून लाज वाटली. आता पाच वर्षं ही जागा सोडत नाही. उद्या सकाळी सहापासून प्रॅक्टिस."

शिरीषने सगळ्यांत शेवटी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी नीतावहिनींनी परसात दोन तास बॉल टाकले आणि मधुकरराव दोन तास उकिडवे बसले. दुपारच्या मॅचमध्ये त्यांनी दोन दणदणीत फटके मारले, नेहमीप्रमाणे चेंडूही सोडले. शेवटी आपल्या संघाकडे एका रनची आघाडी उरली. समोरच्यांचा एक गडी बाद व्हायचा होता आणि त्यांचा रनर तिसऱ्या बेसवर होता. मधुकररावांची कीर्ती साऱ्या लीगमध्ये पसरलेली. "गो, मेट, ही'ल मिस इट," समोरच्यांचा कोच ओरडला. कांचनच्या हातून चेंडू सुटताच रनर रन पूर्ण करायला आरामात मधुकररावांपुढच्या होम बेसकडे निघाला.

मधुकररावांनी सवयीने अंग चोरायचा प्रयत्न केला, पण सकाळपासून शिणलेले गुडघे जागच्या जागी धरले. चेंडू थेट ग्लोव्हमध्ये बसला आणि मागोमाग रनर त्याच ग्लोव्हवर येऊन आदळला. बेस गाठण्याआधी चेंडूचा ग्लोव्ह लागला, म्हणून अंपायरने आउट दिलं.

शिरीष धावत आला. "मधुकरराव, उठा, जिंकलो आपण."

"उठता येत नाहीये. म्हणून तर जिंकलो."

चौघांनी त्यांना बसल्या अवस्थेत उचलून बाकावर ठेवलं. नीतावहिनी बर्फाची पिशवी घेऊन आल्या. "पुढच्या वर्षीही खेळणार म्हणतायत हे," त्या काळजीने म्हणाल्या.

शिरीषला कालचा सत्काराचा डाव आठवून मनापासून वाईट वाटलं. "खेळू द्या, वहिनी," तो म्हणाला. "फक्त सकाळची प्रॅक्टिस चुकवू देऊ नका."