कुकर आणि किटलीची शुभ सकाळ

अरे, आधी ऐक तर खरं! जपानात ओकायामाला विजेवर भात शिजवायचे कुकर बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिच्या सोशल मीडियाच्या खात्यावर जो गोड गोड बोलायचा ना, तो सुगिउरा. सत्तावीस वर्षांचा. समोरासमोर तोंडातून शब्द फुटायची मारामार, पण खात्यावर तो माणूस नव्हताच, साक्षात कुकर!

आणि रोज सकाळी सव्वाआठला नीगातातल्या एका किटलीवाल्या कंपनीचं खातं त्याला हाक मारायचं, "कुकरसान, शुभ सकाळ! झाकण नीट लागलंय ना?" 'सान' म्हणजे आपलं 'जी', मानाचं! हा म्हणायचा, "किटलीसान, तुमचं पाणी उकळलं का?" तीन वर्षं, बाबा! तिकडचा बर्फ, इकडचे पीच, फोनची बॅटरी, सगळ्या गप्पा. शुक्रवारी तर दोघं नव्या अपडेटवर मिळून वैतागले होते. "एका खात्यावरून दुसऱ्यावर जायचं बटण कुठं पळवलं हो यांनी?" किटली म्हणाली.

तिचं नाव काय, ती बाई की बुवा, सुगिउराला काही ठाऊक नव्हतं. असं विचारायचंच नसतं. किटलीच्या आत माणूस नसतोच मुळी! पण त्याच्या मनात ती 'ती' होती.

सोमवारी एक तारीख. एप्रिलची एक म्हणजे तिकडे कंपन्यांत बदल्यांचा दिवस, पण याच्या डोक्यात आलंच नाही. सोमवारची सभा उरकून तो साडेआठला जागेवर आला, तर हाक नाही. नऊ वाजले, तरी नाही. शेवटी त्यानं स्वतःच्या अकरा फॉलोअरवाल्या खात्यावर लिहिलं, "तुझी हाक आली नाही की माझा दिवस उजाडतच नाही."

बटण कुठं पळवलं होतं, आठवतंय ना? पोस्ट गेली कंपनीच्या खात्यावरून. ऐंशी हजार लोकांसमोर!

शेजारच्या टेबलावरून इबुकीसान किंचाळली, "सुगिउरासान, कुकर प्रेमात पडला की काय हो?"

"कुठला कुकर?"

"आपला! दुसरा कुठला?"

त्यानं झटकन पोस्ट पुसली. ते तर आणखीच वाईट. लोकांनी फोटो काढून ठेवले होते. "कुकर लाजला!" म्हणून जो दंगा उसळला! जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणीतरी कुकर-किटलीचं लग्नाच्या कपड्यांतलं चित्रसुद्धा काढलं.

साहेब आले. "सुगिउरा, माफीनामा लिही. आणि कुकरच्या आवाजात नको, कंपनीच्या आवाजात."

त्यानं लिहिलं, "आमच्या कुकरने आज सकाळी व्यक्त केलेल्या भावनांबद्दल कंपनी तीव्र दिलगिरी व्यक्त करते." झालं! लोक गडाबडा लोळले.

तीन वाजता किटलीचं उत्तर आलं. "आदरणीय कुकर महोदय, आजपासून हे खाते मी सांभाळतो. वय छप्पन्न. आधीच्या सहकाऱ्यांची बदली झाली. कामाच्या सूचनांत त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिले आहे, 'रोज सव्वाआठला कुकरसानना शुभ सकाळ म्हणावे. सोमवारी त्यांना उशीर होतो. थांबावे.' मला बटण सापडायलाच तीन वाजले. क्षमस्व."

सुगिउरानं ते 'थांबावे' पुन्हा पुन्हा वाचलं.

"आधीच्यांचं नाव विचारा ना!" इबुकीसाननं ढोसलं.

"ऐंशी हजार लोकांसमोर? कुकरनं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्याकडून खातं काढून गोदामातल्या एकसष्ट वर्षांच्या मियोशीसानना दिलं. सुगिउरानं त्यांच्यासाठी सूचना लिहिल्या. पहिली ओळ कुठली, सांगायला नको.

आता रोज सव्वाआठला ते दोघं म्हातारे सरकारी पत्र लिहावं तसं बोलतात. "शुभ सकाळ. झाकण ठीक आहे काय?" "आभारी आहे. आपले पाणी उकळले काय?" लोक कधीच पांगले. खाली फक्त दोन लाईक असतात. एक सुगिउराचा. दुसरा कुणा बिनफोटोच्या, बिननावाच्या खात्याचा, सव्वाआठच्या ठोक्याला. सोमवारी मात्र सव्वाआठला तो लाईक पडतच नाही. साडेआठला सभा सुटून सुगिउराचा पडला, की मगच पडतो.

आठवडा झाला, त्यानं त्या खात्यासाठी एक ओळ लिहून ठेवलीय, "झाकण नीट लागलंय ना?" अंगठा बटणावर आणि बटण काही दाबवत नाही. दाबलं आणि तिकडे भलताच कुणी निघाला, तर रोजचा तो एक लाईकही जायचा!

तू असतास तर काय केलं असतंस, सांग?