नीलकंठरावांची गाडी आचके देते

नीलकंठरावांची गाडी पळताना कधी तक्रार करत नसे. तिला उभं राहणं सोसत नव्हतं. रस्त्याला लागली की ठीक चाले. पण फाटकापाशी थांबवली, की आचके द्यायला लागे. आधी बॉनेट थरथरे, मग आरसा डुगडुगे, मग मागून काळा धूर येई आणि शेवटी एक मोठी उचकी देऊन गाडी बंद पडे.

एरवी नीलकंठरावांनी तिकडे दुर्लक्ष केलं असतं. बनी पार्कातल्या घरापासून कचेरीपर्यंत फारसं थांबावं लागत नसे. पण अनंत चतुर्दशी तोंडावर आली होती. जयपुरातल्या मराठी मंडळींचा गणपती दरवर्षी त्यांच्या गाडीतून निघे. मिरवणूक माणसाच्या चालीने चाले, वाटेतल्या प्रत्येक मराठी घरापुढे थांबे, तिथे आरती होई, लेझीम होई, कुणी चहा आणी. आणि मग दुर्गापुऱ्याच्या विहिरीकडे. म्हणजे गाडीला पळायचं काम थोडं आणि उभं राहायचं जास्त. तिला नेमकं तेच जमत नव्हतं.

गेल्या वर्षी श्रावणात त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई गेल्या. घरात सण नव्हता, म्हणून त्या वर्षी गणपती शशिकांतच्या नव्या कोऱ्या गाडीतून गेला. यंदा वर्षश्राद्ध आटोपलं आणि मंडळाच्या बैठकीत नीलकंठराव स्वतःहून म्हणाले, "यंदा पुन्हा आमची गाडी."

सगळ्यांना बरं वाटलं, पण गाडीचे आचकेही सगळ्यांना ठाऊक होते. शशिकांत जयपुरातच जन्मलेला, इथल्याच बँकेत नोकरीला; मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायचा. तो म्हणाला, "काका, बुरा नका मानू. पण मतलब, बाप्पा बसलेत आणि गाडी बंद पडली, तर? मध्येच त्यांना उतरवायचं, ते काही अच्छा दिसत नाही."

"नाही पडणार बंद," नीलकंठराव म्हणाले.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर वसंतराव यांनी तोडगा काढला. मिरवणूक नीलकंठरावांच्या गाडीतूनच निघेल. शशिकांतची गाडी रिकामी मागून येईल. वाटेत एकदा जरी इंजिन बंद पडलं, तरी गणपती मागच्या गाडीत जाईल, आणि मग पुढच्या वर्षापासून तिथेच.

नीलकंठराव घरी आले ते तोंड पाडून. गाडीतून गणपती नेण्याची पद्धत सुहासिनीबाईंनी पाडली होती. त्या पुढच्या सीटवर बसत, मांडीवर आपली पिशवी, हातात आरतीचं तबक. कुणी म्हटलं, "गाडी जुनी असून चालते छान हो," तर त्या म्हणत, "माझ्यामुळे चालते." नीलकंठराव मोठ्याने हसत. बाईंनी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

ती पिशवी अजून गाडीतच होती. सांगानेरी छापाचं कापड आणून त्यांनी स्वतः शिवलेली, चांगली जड. ती डॅशबोर्डाखाली मधोमध टांगलेली असे, आणि गाडीत बसणारा प्रत्येकजण तिला धक्का लागू नये म्हणून गुडघे वळवून बसे.

दुसऱ्या दिवशी वसंतराव स्वतःच आले. आल्या आल्या त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि बॉनेट उघडून इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून पाहिला.

"ठोका चुकतोय," ते म्हणाले.

"मग काय करायचं?"

"चोक आत आहे ना?"

"आहे. मी स्वतः ढकलला."

"मग अशक्तपणा आहे. रेस वाढवतो." त्यांनी कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पिळला. इंजिन विमानासारखं गर्जू लागलं. वसंतराव समाधानाने म्हणाले, "बघा, नाडी आली."

संध्याकाळी मिरवणुकीची तालीम झाली. पुढे लेझीमवाले, मागे नीलकंठराव. क्लच सोडायचा अवकाश, गाडीने अशी झेप घेतली की लेझीमवाले ताल सोडून दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर चढले. कुंपण मेंदीचं होतं म्हणून बरं. पण त्यांतले एक गृहस्थ गुलाबाच्या बाजूला गेले, आणि त्यांनी लेझीम खाली ठेवून राजीनामा दिला.

"काका, मी बघतो," शशिकांत म्हणाला. गाडीची स्पर्धा असली तरी पोरगा मनाने चांगला होता. त्याने रेस कमी केली, प्लग काढले. प्लग काजळासारखे काळे झाले होते. त्याने ते घासून चकाचक केले. गाडी घराला फेरी मारेपर्यंत गुणी पोरीसारखी वागली आणि फाटकात येताच आचके देत मेली. प्लग पुन्हा काढले, तर पुन्हा काळे.

"ताज्जुब आहे," शशिकांत म्हणाला. "आत्ता तर साफ केले! पेट्रोल जादा जातंय, काका. पण जातंय कुठून?"

मग गाडी स्टेशनजवळच्या नंदकिशोर मिस्त्रीकडे गेली. त्याने कार्ब्युरेटर खोलला, धुतला, फुंकला, परत लावला. नीलकंठरावांना आत बसवून इंजिन सुरू करायला लावलं आणि खिडकीतून वाकून पाहिलं. "चोक तो बंद है ना, साब?"

"बंद है, बंद है."

नंदकिशोरची नजर पिशवीवर गेली. सुहासिनीबाई त्याच्या दुकानात बसून चहा प्यायल्या होत्या. त्याने चटकन मान बाहेर घेतली आणि कानाला हात लावला. "बाईजी का थैला है. रहने दो." मग तो पुन्हा इंजिनाकडे वळला, बराच वेळ खटपट केली, सगळे स्क्रू होते तिथे आणून ठेवले आणि म्हणाला, "साब, इसकी तबीयत नहीं, इसका मन खराब है."

मंडळींना हे निदान एकदम पटलं. डॉक्टरांनाही पटलं. कुजबूज सुरू झाली की बाई गेल्यापासून गाडीचं मन लागत नाही. नीलकंठरावांच्या कानावर ते आलं. त्यांचंही मन कुठे लागत होतं? पण ते उभ्या उभ्या आचके देत नव्हते.

चतुर्दशीला दुपारी गणपती मागच्या सीटवर बसला. वसंतराव त्याला धरून शेजारी बसले. पुढची डावी सीट मंडळींनी रिकामी ठेवली होती. तेवढ्यात गिरिजाताई आल्या. सुहासिनीबाईंची ही थोरली बहीण वर्षश्राद्धाला नागपूरहून आली होती आणि अजून मुक्कामाला होती.

"ही सीट कोणासाठी ठेवून राहिले तुम्ही?"

वसंतराव मूर्तीचा हार सारखा करू लागले.

"मी काय दुर्गापुऱ्यापर्यंत पायी येऊ? गुडघे पाहा माझे." असं म्हणून त्या दार उघडून बसल्याही.

मिरवणूक निघाली. पहिल्या घरापुढे गाडी थांबली आणि थरथरू लागली. नीलकंठराव पायाने रेस देत, ओठ आवळून बसले होते. दुसऱ्या घरापुढे आरसा डुगडुगला. तिसऱ्या घरापुढे धुराचा असा लोट निघाला की पांढऱ्या सदऱ्यांतले ढोलवाले कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसू लागले. मागच्या गाडीतून शशिकांतने डोकं बाहेर काढलं. "काका, बाप्पाला घेऊ का इकडे?"

"अजून बंद पडलेली नाही!" नीलकंठराव ओरडले.

गणपतीचा मुकुट थरथरत होता. वसंतराव मूर्तीला मिठी मारून म्हणाले, "नीलकंठराव, आता हट्ट पुरे. मूर्तीला तडा जाईल."

"एवढी आरती होऊ द्या, डॉक्टर."

"आरती संपेपर्यंत टिकत नाही ही."

नीलकंठरावांनाही ते कळत होतं. पुढची उचकी शेवटची. त्यांनी डोळे मिटून घेतले.

गिरिजाताईंचं मात्र या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांना सुपारीची तलफ आली होती. कनवटीला अख्खी सुपारी होती, पण अडकित्ता नागपूरलाच राहिला होता. "सुहासच्या पिशवीत असणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सरळ पिशवी ओढून मांडीवर घेतली.

"अहो गिरिजाताई!" मागून वसंतराव दचकून म्हणाले. वर्षभरात त्या पिशवीला परक्या कुणाचा हात लागला नव्हता.

"काय झालं? पिशवीच आहे ना?" त्यांनी आतून किल्ल्यांचा जुडगा काढला, जुन्या घराचं लोखंडी कुलूप काढलं आणि तळातून अडकित्ता. "अन् हे काय लुगड्यात अडकून राहिलं माझ्या?" डॅशबोर्डाखाली तिरपी बसवलेली एक काळी मूठ चांगली वीतभर बाहेर लोंबत होती. गिरिजाताईंनी अंगठ्याने ती खटकन आत ढकलली आणि सुपारी कातरायला घेतली.

गाडी शांत झाली.

ती बंद पडली असं समजून शशिकांत धावत आला. वसंतरावांनी मूर्ती उचलायला घेतली. पण आरसा स्थिर होता, धूर नव्हता, आणि बॉनेटखालून शिवणयंत्रासारखा आवाज येत होता.

नीलकंठरावांनी डोळे उघडले. त्या चोकच्या मुठीकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पिशवीकडे. रोज सकाळी ते पिशवी बाजूला घेत, चोक ओढून गाडी सुरू करत, चोक आत ढकलत, आणि मग बाईंची जागा मोडायला नको म्हणून पिशवी पुन्हा जिथल्या तिथे, त्याच मुठीला टांगत. पिशवी आपल्या वजनाने चोक ओढी, इंजिनात पेट्रोल जादा जाई, तेवढ्याने गाडी थरथरे, आणि थरथरीने चोक आणखी बाहेर येई. बाई असताना पिशवी गाडी निघेपर्यंतच टांगलेली असे. मग त्या ती मांडीवर घेत आणि लुगड्यात अडकते म्हणून मूठ अंगठ्याने आत ढकलत. रोज. इतकी वर्षं. शेजारी बसून त्यांनी ते पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं.

दुर्गापुऱ्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. विहिरीवर आरती झाली, गणपती पाण्यात गेला, आणि खिरापत वाटताना गाडीचं श्रेयही वाटलं जाऊ लागलं. वसंतराव म्हणाले, रेस वाढवल्याचा गुण उशिरा आला. औषधाला वेळ लागतोच. शशिकांत म्हणाला, "मी प्लग साफ केले ना, त्याचं आहे सगळं. काका, अगले साल पण तुमचीच गाडी." लेझीमच्या गृहस्थांनी राजीनामा मागे घेतला.

शेवटी कुणीतरी नीलकंठरावांनाच विचारलं, "तुम्ही सांगा, कुणी दुरुस्त केली?"

"सुहासिनीने," नीलकंठराव म्हणाले. "ती म्हणत होती ते खरंच होतं. गाडी तिच्यामुळेच चालायची."

कुणी खोबऱ्याचा तुकडा तोंडातच धरून ठेवला. वसंतराव हळूच जवळ आले, त्यांनी नीलकंठरावांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "उद्या कचेरीत जाऊ नका. झोप लागते का रात्री?"

"उत्तम लागते," नीलकंठराव म्हणाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले. त्या हसण्याने तर डॉक्टरांची खात्रीच पटली.

गिरिजाताई गाडीत बसून वाट पाहत होत्या. नीलकंठराव स्टिअरिंगपाशी बसले. ताईंनी अडकित्ता पिशवीत टाकला आणि विचारलं, "टांगू का ही होती तिथं?"

"नको," नीलकंठराव म्हणाले. "मांडीवरच असू द्या. तिची जागा तिथेच आहे."