गजभिये काका आणि प्लास्टिकचं पिस्तूल

गजभिये काका आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, कुठल्याही कार्यक्रमाला येतात ते स्वतःची खुर्ची घेऊन. घडीची, लोखंडी, हिरव्या रंगाची. मांडवात शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या पडलेल्या असोत, काका आपली खुर्ची खडाडकन् उघडणार, तिला टिचकी मारणार आणि मगच बसणार. कोणी नवखा हसलाच तर त्याच्या खुर्चीलाही एक टिचकी.

"आयकलं? ठप्प. अन् माह्या खुर्चीचं? टन्न! बसाच्या आधी आवाजावर भरोसा आला पायजे गा."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. हे कळल्यापासून जगातल्या सगळ्या प्लास्टिकसाठी काकांनी मलाच जबाबदार धरलं आहे. बादलीची कडी तुटली तरी ते कुंपणावरून मला दाखवतात. "हे पाहा मास्तर, तुमच्या पोराचे प्रताप."

पण बादली, खुर्ची ही सगळी किरकोळ भांडणं. काकांचं खरं वैर आहे ते प्लास्टिकच्या पिस्तुलाशी. काका पोलिसात आर्मोरर होते. म्हणजे शस्त्रागारात बसून बंदुका, पिस्तुलं खोलायची, पुसायची, तेल द्यायचं, बिघडलेली दुरुस्त करायची. सगळी नोकरी पोलादी हत्यारांच्या सहवासात गेली. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना नवी पिस्तुलं आली. नळी लोखंडाची, पण मूठ आणि अंग काळ्या प्लास्टिकचं. काकांच्या शब्दात, "टिफिनच्या डब्ब्याले चाप बसवला."

नवं हत्यार समजावून द्यायला बाहेरगावचे साहेब आले होते. हलकं आहे, गोळ्या जास्त मावतात, गंज लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी हात वर केला.

"साहेब, गंज नाही लागत तं मंग आमी दिवसभर काय करावं?"

सगळे हसले. काका मात्र हसवायला बोलले नव्हते. ते आजही मला पोटतिडकीने सांगतात, "मास्तर, ज्याले निगा लागत नाही, त्याच्यावर जीव कसा बसन? जुन्या पिस्तुलाले दोन दिवस हात नाही लावला तं ते रुसे. याले सहा महिने पाहू नका, काही फरक नाही. हे काय हत्यार झालं? हे तं पाहुणा हाये."

आणि मग ठरलेलं वाक्य, "वजन असलं पायजे गा." हे वाक्य त्यांना कुठेही चालतं. पिस्तुलाला वजन पाहिजे, माणसाच्या शब्दाला पाहिजे, वरणालाही पाहिजे. माझ्या बायकोने एकदा पातळ वरण वाढलं तर वाटी हातात तोलून पाहिली होती या गृहस्थाने.

प्लास्टिक लेचंपेचं असतं हे सिद्ध करण्यासाठी काकांनी एक प्रयोगही केला होता. मे महिना, नागपूरचं ऊन. साहेबांची रीतसर परवानगी काढून, दोन्ही पिस्तुलं रिकामी करून, एक जुनं पोलादी आणि एक नवं, शस्त्रागाराबाहेर टेबलावर भर दुपारी मांडली. नवं पिस्तूल मेणासारखं वाकणार, अशी काकांना खात्री होती. दोन तासांनी सगळा स्टाफ पाहायला जमला. नवं पिस्तूल होतं तसंच होतं. काकांनी चिडून जुनं उचललं आणि त्यांच्या तळहाताला टरारून फोड आले!

"मग काका? हरले की तुम्ही."

"हरलो कायचा? लोखंडानं आपली गरमी दाखवली. त्याच्या पोटात एक अन् ओठात एक नसते."

निवृत्तीनंतर काकांनी परवाना काढून एक जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं. दहा वर्षांत त्यातून एकही गोळी झाडलेली नाही. ते कपाटात कुलपात असतं आणि रविवारी फक्त तेलपाण्यासाठी बाहेर निघतं. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. तेव्हा काकांचा चेहरा लेकीला सासरी धाडणाऱ्या बापासारखा होतो. काकूंच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून नेतात, वर हवालदाराला सूचना. ओलीत ठेवू नको, दुसऱ्या हत्याराले घासू देऊ नको. मग दर आठवड्याला ठाण्यात चक्कर. हवालदार म्हणे काकांना लांबून पाहूनच ओरडतो, "बरी हाये काका, जेवूनखाऊन हाये!"

कुसुमकाकू हे सगळं चाळीस वर्षं बघत आल्या आहेत. हसतात, आणि आपलं तेच करतात. त्यांच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचे बारा डबे आहेत, फक्त वरच्या फळीवर, काकांची मान जात नाही तिथे.

तर या काकूंचे गुडघे गेले. तीन वर्षं त्या मलम लावून ढकलत होत्या. लेआउटच्या विहाराला सात पायऱ्या आहेत. पौर्णिमेला बाकी बायका वर वंदनेला बसायच्या आणि काकू खाली रस्त्यावर, काकांच्या हिरव्या खुर्चीत. वरचा आवाज ऐकत हात जोडायच्या. मला ते बघवायचं नाही.

शेवटी मीच दोघांना रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नव्या गुडघ्याचा नमुना टेबलावर ठेवला. काकांचे डोळे चमकले. वर धातू, खाली धातू, चकचकीत. त्यांनी टिचकी मारली. टन्न. मग मधल्या पांढऱ्या चकतीला मारली.

"हे काय हाये?"

"प्लास्टिक. एकदम भारी प्रतीचं."

काकांनी फाइल मिटली. "चाल वं कुसुम."

मी हतबुद्ध झालो. डॉक्टर मागून सांगत होते, धातूवर धातू घासला तर झिजतो, मध्ये हे लागतंच. पण काका लिफ्टपाशी पोचलेसुद्धा होते.

पुढे चार महिने तेच. पूर्ण लोखंडाचा गुडघा मिळतो का, याची चौकशी. कळमना बाजारातल्या अडत्यापासून घड्याळवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. मी एकदा चांगलाच तडकलो. म्हटलं, "काका, तुमच्या हट्टापायी काकू रस्त्यावर बसून राहिल्या. तुम्ही पिस्तूल विकत घेऊन राहिले की बायकोवर उपचार करून राहिले?" काका आपली खुर्ची तिथेच सोडून आत गेले. तेव्हाच मला काहीतरी समजायला हवं होतं.

निकाल काकूंनी लावला. एका सकाळी पिशवी भरून त्या फाटकात उभ्या. "मी तारीख घेतली. तुमाले येयाचं असन तं या. नाही तं मी मास्तरासंगं जाते."

काका आले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ते बसायला तयार नव्हते. भिंतीला पाठ लावून उभे. मी विषय काढावा म्हणून म्हटलं, "काका, आजकालचं प्लास्टिक खरंच चांगलं असतं. रसायनशास्त्राचा मास्तर सांगतो."

"मले मालूम हाये ना गा," काका म्हणाले. "ते पिस्तूलबी चांगलंच होतं. एकदाबी अडकलं नाही. मीच कोणाले सांगतलं नाही."

मी विचारलं, "मग चार महिने काहून थांबवलं?"

काका खालच्या आवाजात बोलले. "मास्तर, मी जिंदगीभर खोलत अन् बसवत आलो. लग्नानंतर कुसुमची शिलाई मशीन साफ कराले खोलली होती. पुरी बसवली, अन् पाह्यतो तं एक स्क्रू उरला. कुठचा ते आजपावतर समजलं नाही. नोकरीतबी असं होये. किती सांभाळून करा, एखादा पुर्जा टेबलावर राहूनच जाये. पण पिस्तूल परत खोलता येते. हिले आत खोलून ठेवली असन आता. बसवतानी काही राहून गेलं तं? मले भेव लागते गा. प्लास्टिक म्हटलं तं लोकं हसते. भेव लागते म्हटलं तं काय म्हणतीन?"

मी त्यांच्यावर ओरडलो होतो, याची मला तिथेच लाज वाटली.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. "गजभिये कोण? आजीचं ऑपरेशन मस्त झालं. कमरेखाली बधिर केलं होतं, त्या जाग्याच हायेत. पण त्यायचा एक निरोप हाये अन् मले तो काही समजून नाही राहिला."

"काय म्हणते?"

"म्हणते, बाहेर मिशीवाला म्हातारा उभा असन. त्याले सांग, मी डॉक्टरले टेबलावरच इचारून घेतलं. सगळे पुर्जे बसले, एकबी उरला नाही."

काका माझ्याकडे वळले.

"तिले मालूम होतं," ते म्हणाले. "मी चार महिने तिच्यासमोर प्लास्टिक-प्लास्टिक करत राहिलो, अन् तिले सारं मालूम होतं." डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

नर्स आत जायला वळली. "मंग त्यायले काय सांगू?"

काका भिंत सोडून दोन पावलं पुढे आले.

"सांगजो बाई," ते म्हणाले, "मी इथंच हावो म्हणा. कुठंबी गेलो नाही."